पाच देव, दोन फोन आणि मुका मी

कोलशेतच्या एका इमारतीत माझं भूत फिरतं आणि मी अजून जिवंत आहे. ते कसं दिसतं हेही तिथल्या लोकांना नीट ठाऊक आहे. नेसायला सोवळं, कपाळाला कुंकू, छातीशी लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, ओठ घट्ट मिटलेले आणि आवाज मात्र बाईचा! वर्णन शंभर टक्के बरोबर आहे. त्यात सुटलेल्या पोटाचा उल्लेख कुणी करत नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या सगळ्याला कारण दोन फोन. एक माझा आणि एक माझ्या साडूचा, म्हणजे प्रमोदरावांचा. प्रमोदराव कोपरीत राहतात, आम्ही डोंबिवलीत. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि आमचे फोन कट्टर वैरी! दिवाळीचा फराळ असो की कुणाचं बारसं, ताट पुढ्यात आलं की प्रमोदराव विचारणारच, "काय विनायकराव, तुमच्या फोनला अजून हे येत नाही ना?"

माझा फोन नेट नसतानाही रस्ता दाखवतो. मराठीत टाइप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यांचा फोन फोटोतली माणसं नावानिशी ओळखतो आणि कालपरवा झालेला रस्तासुद्धा त्याला माहीत असतो. दहा वर्षं हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी कोणीही एका इंचानं मागे सरकलेलं नाही.

मागच्या मार्गशीर्षात आमची डोंबिवलीची इमारत पाडायला काढली आणि आम्ही कोलशेतला बाराव्या मजल्यावर घर घेतलं. सगळे खूश, एक आई सोडून. तिचं म्हणणं एकच, "देव आधी नीट जाऊ देत. मग माझं बघू."

आमच्याकडे देवांनी घर बदलायची एक पद्धत आहे. आधी नव्या घरात पाट मांडायचा. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं देव न्यायचे. पाटावर अक्षता पडेपर्यंत त्यानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोकणातून डोंबिवलीपर्यंत असे देव आणले होते. अख्खा एसटीचा प्रवास, एक शब्द नाही! कंडक्टरनं त्यांना मुका समजून खिडकीची जागा दिली, हे सांगताना आईचा चेहरा आजही उजळतो. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली.

"विनू, तू बोललास किंवा मागे फिरलास तर देव वाटेतच राहतात," आईनं आदल्या दिवशी बजावलं. "आणि तसं झालं तर मी काही कोलशेतला यायची नाही. वन्संकडे राहीन."

ती गंमत करत नव्हती. तिची पिशवी भरलेली मी पाहिली होती. एकोणऐंशी वर्षांची आई या वयात नणंदेच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, घरी एका खाटेवर दिवस काढणार, हे मला बघवलं नसतं. मी म्हटलं, "आई, दीड तासाचा तर रस्ता आहे. नाही बोलणार!"

"तू?" माझी बायको नीता म्हणाली. तेवढं पुरे होतं.

सकाळी आई, नीता आणि गुरुजी एका गाडीनं पुढे गेले. मुहूर्त साडेदहाचा, फार तर पावणेअकरापर्यंत चालेल असं गुरुजींनी सांगितलेलं. मागून प्रमोदरावांच्या गाडीत मी, मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला देवांचा पितळी डबा. पाच जण. (आमच्याकडे देवांना नग म्हणत नाहीत, जण म्हणतात.) डॅशबोर्डावर दोन स्टँड, दोन फोन. आज सोक्षमोक्ष लागणार होता.

"पत्ता मला तुम्हीच पाठवलाय हां," प्रमोदराव गाडी सुरू करत म्हणाले. "आता बघू कोणाचा फोन आधी पोचवतो." मी फक्त मान हलवली. दहा वर्षांत पहिल्यांदाच ते वादात एकटे बोलत होते आणि त्यांना ते फारच आवडलं होतं.

मोठागावचा नवा पूल लागला तेव्हा खाडीवर इतकं दाट धुकं होतं की पुलाचे कठडेसुद्धा दिसेनात. त्यांच्या फोनवर पूल होता. माझ्या फोनवर नव्हता. (नकाशा डाउनलोड करून मला तीन वर्षं झाली होती, ही चूक माझीच.) माझ्या फोनच्या मते आम्ही थेट पाण्यात शिरलो होतो. निळ्या खाडीच्या मधोमध आमचा छोटा बाण शांतपणे पुढे सरकत होता. बाहेर पांढरं, आत निळं, आणि त्यात बाईचा तो थंड आवाज, "शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या."

"घेऊ का?" प्रमोदराव हसत म्हणाले.

मी दोन्ही हातांनी डबा धरून मान अशी हलवली की कुंकू नाकावर आलं.

"यू-टर्न घ्या," ती पुन्हा म्हणाली. "यू-टर्न घ्या." पूल संपेपर्यंत ती तेच म्हणत होती. तोवर प्रमोदरावांचं हसणं थांबलं होतं. "बंद करा हो तिला," ते हळूच म्हणाले, "कोणीतरी खरंच परत बोलावतंय असं वाटतं."

माजिवड्याला त्यांच्या बोलण्याच्या नादात वळण हुकलं आणि आता त्यांचाही फोन यू-टर्न मागायला लागला. मी त्यांचं मनगट धरलं. मागे फिरायचं नाही! मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे असं करत आम्ही ठाण्याची एवढी प्रदक्षिणा घातली की डब्यातल्या पाच जणांनाही गरगरलं असेल. शेवटी कोलशेतच्या एका फाटकासमोर गाडी थांबली. समोर कमानीवर आमच्याच संकुलाचं नाव आणि दोन्ही फोन एका सुरात बोलले, "तुम्ही पोहोचला आहात."

दोन्ही फोनांचं एकमत! अंगावर काटा आला. असं आधी कधीच घडलं नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे, मी गाडी लावून येतो," प्रमोदराव म्हणाले. मी फाटकाशी गेलो. आत धुक्यात उभी एकच उंच इमारत. एक गाडी नाही, वाळत घातलेला कपडा नाही, कुठे कुकरची शिट्टी नाही. वॉचमनच्या केबिनमधून एक गावकरी म्हातारा बाहेर आला.

"कोन पायजे तुमाला?"

मी तोंडावर बोट ठेवलं. तो एक पाऊल मागे सरला. मग मला माझ्या फोनचं ते खास फीचर आठवलं. अंगठ्यानं टाइप केलं आणि बटण दाबलं. माझे ओठ मिटलेले आणि छातीजवळून बाईचा सपाट आवाज, "मला बाराव्या मजल्यावर जायचे आहे. माझ्यासोबत पाच जण आहेत."

म्हाताऱ्यानं माझ्या मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "इथं कोनच ऱ्हात नाय अजून," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आनि तुमच्या मागं बी कोन नाय."

मला मागे बघायचं होतं. पण मागे फिरणं म्हणजे फक्त पाय की मानही, हे मी आईला विचारलं नव्हतं! पाठीवरून गार वारा सरसरत गेला. मी घाईनं दुसरं वाक्य टाइप केलं, बाई म्हणाली, "घाबरू नका. ते तुम्हाला दिसणार नाहीत. ते डब्यात आहेत." म्हातारा काठी तिथेच टाकून जो निघाला, तो धुक्यात दिसेनासाच झाला.

आता तुम्ही विचाराल, मला माझं घर ओळखता येत नव्हतं? मी चार वेळा तिथे गेलो होतो. चारही वेळा गाडीत मागे बसून फोन बघत होतो. रस्ता बघायला फोन आहे ना, मग मी कशाला बघू!

प्रमोदराव आले. लिफ्टमध्ये बारा नंबर दाबला. ती सातव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. बाहेर कोणी नाही. दार बंद झालं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाराव्या मजल्यावर १२०४ चं दार नुसतंच लोटलेलं. आत हॉल तोच, खिडकी तीच, स्वयंपाकघराचा कट्टा तोच. पण पाट नाही, गुरुजी नाहीत, आई नाही. फरशीवर सिमेंटची धूळ आणि त्या धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नाही.

"अहो, ही सगळी माणसं गेली कुठे?" प्रमोदराव कुजबुजले. घड्याळात दहा सत्तावीस झाले होते. "मुहूर्त टळतोय, विनायकराव. ठेवा कोपऱ्यात, ईशान्येला!"

ईशान्य कुठली? आम्ही दोघांनी फोनमधलं होकायंत्र काढलं. त्यांची उत्तर खिडकीत होती, माझी संडासात! मी इतका घाबरलेला की आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फोनचं ऐकलं. खांद्यावरचं उपरणं पसरलं आणि डबा खाली ठेवला. आता बोलायचं की नाही हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून गप्पच राहिलो.

"आठवणीसाठी एक फोटो," असं म्हणत प्रमोदरावांनी फोन वर धरला आणि तसाच धरून ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. "विनायकराव, हे बघा." फोटोत मी होतो, डब्याशेजारी उभा, ओठ मिटलेला. माझ्या चेहऱ्याभोवती चौकोन आणि खाली त्यांच्या त्या हुशार फोननं विचारलेलं, "हे अण्णा आहेत का?"

मला रडू येईल असं वाटलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. तेवढ्यात प्रमोदरावांचा फोन वाजला आणि आम्ही दोघंही जागच्या जागी उडालो. नीता होती. त्यांनी स्पीकर लावला.

"प्रमोद, कुठे आहात तुम्ही?"

"ताई, आम्ही पोचलो! बाराव्या मजल्यावर आहोत."

"आम्ही पण बाराव्या मजल्यावर आहोत."

"बाराशे चारमध्ये?"

"हो, बाराशे चारमध्ये. कधीपासून वाट बघतोय."

प्रमोदरावांनी रिकाम्या हॉलभर नजर फिरवली. "ताई, मी हॉलच्या मधोमध उभा आहे."

पलीकडून नीता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "प्रमोद, हॉलच्या मधोमध गुरुजी बसलेत."

आपण पुलावरून खरंच पाण्यात तर गेलो नाही ना, असं माझ्या मनात आलं. (हसू नका. तुम्ही तिथे नव्हता.) "खिडकीशी या जरा," नीता म्हणाली. आम्ही गेलो. धुकं विरळ होत होतं. समोर, भिंतीपलीकडे, हुबेहूब आमच्यासारखीच दुसरी इमारत हळूहळू उभी राहिली. तिच्या बाराव्या मजल्यावर, अगदी आमच्या समोरच्या खिडकीत, पांढऱ्या साडीतली एक बाई निश्चल उभी राहून माझ्याकडेच बघत होती.

आई होती. ती इमारत फेज वन. आम्ही उभे होतो ती फेज टू, ताबा मिळायला अजून वर्ष असलेली. सॅम्पल फ्लॅट दाखवायला बिल्डरनं आम्हाला इथेच आणलं होतं. तेव्हाच मी मोठ्या ऐटीत नकाशावर पिन टाकली आणि तीच प्रमोदरावांना पाठवली. दोन्ही फोन बिचारे बरोबर होते. दहा वर्षांच्या वादाचा निकाल लागला होता: दोघेही जिंकले, मी हरलो.

पुन्हा पाहिलं तर खिडकीत आई नव्हती. काही मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं आणि ती आत आली, एकटी. जन्मात कधी एकटी लिफ्टमध्ये न चढलेली माझी आई! तिनं जमिनीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बोललास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मागे फिरलास?"

पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी देव भलत्याच घरात ठेवले होते आणि आता ती आत्याकडे जाणार होती.

"मग रडतोस काय?" आई म्हणाली. "पाटावर नाही बसले म्हणजे अजून वाटेतच आहेत. एसटी चहाला थांबली तेव्हा ह्यांनीही डबा बाकावर ठेवलाच होता की."

एवढं बोलून तिनं ओठ मिटले. वाकून डबा उचलला, छातीशी धरला आणि निघाली. आल्या वाटेनं नाही, मागच्या छोट्या फाटकानं. विरत्या धुक्यात पुढे आई, मागे आम्ही दोघं, कुणाच्याही हातात फोन नाही. पाच मिनिटांचा रस्ता! दहा त्रेचाळीसला पाटावर अक्षता पडल्या.

दुपारी जेवताना प्रमोदरावांनी धीर करून तिला तो फोटो दाखवला. आईनं तो खूप वेळ पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खरंच रे. गप्प बसलास की तस्सा दिसतोस. बसत जा अधूनमधून."

संध्याकाळी तिनं आपली भरलेली पिशवी उघडली आणि लुगडी कपाटात लावली. "देव मीच आणलेत म्हटल्यावर त्यांना टाकून जाऊ कुठे?" असं ती नीताला म्हणाली, जणू काही आमच्यावर उपकारच करत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे तासभर अखंड बोलत सुटलो आणि शेवटी गुरुजींनी कानाला हात लावला.

आता घर बघायला कोणी आलं की आई आधी देवघर दाखवते. परवा आत्या आल्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, "वहिनी, विनूनं आणले ना गं देव? अण्णांसारखे?"

"छे," आई म्हणाली, "देव मी आणले. यानं फोन आणले."