घरच्या माणसाला काय विचारायचं!

एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून वस्तीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आदिवासी वस्तीतून कॅमेरा हाती घेणारी ती पहिलीच. "बाहेरचे येतात, आपल्याला नाचवून जातात. आता आपलं आपणच दाखवू," म्हणत ती जी सुटली ती सुटलीच.

नियम मात्र कडक. पडद्यावर जो दिसेल त्याला आधी विचारायचं, तो 'काढून टाक' म्हणाला की काढून टाकायचं. एका मावशीने पडलेले दात दिसतात म्हणून स्वतःचा अख्खा प्रसंग काढायला लावला. भिंगरी चडफडली, पण तिने काढला.

नव्या सिनेमाचा सगळा जीव एका जुन्या तुकड्यात होता. कुण्या परक्या पाहुण्याने टिपलेला: तिचे बाबा, वय असेल दहा, उघडेबंब, अंगाला राख फासून नाचताहेत. एरवी तेव्हाही ते शर्ट घालून शाळेत जायचे. तो तुकडा मिळवायला भिंगरीने संग्रहालयाचे उंबरे झिजवले होते.

सिनेमा शहरात पाठवण्याआधी वस्तीच्या सभागृहात दाखवला. भिंगरी मागे येरझारा घालत होती. तुकडा सुरू झाला, आणि बाबा उठून बाहेर गेले. ती मागोमाग धावली.

"रागावलात, बाबा? त्यांनी तुमचं काय केलं ते लोकांना कळावं म्हणूनच घेतलंय ना!"

"शर्ट काढतोस का, म्हणून त्या माणसाने विचारलं तरी होतं," बाबा म्हणाले. "पोरसवदा होतो, हो म्हणालो. तू विचारलंस?"

भिंगरीच्या पायाखालची जमीनच सरकली. अख्ख्या वस्तीची दारं वाजवली होती बयेने. राहिले ते फक्त बाबा. घरच्या माणसाला काय विचारायचं! स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"आता विचारते. ठेवू?"

तिला अजूनही वाटत होतं, ठेव म्हणतील.

"नको."

खेळ संपल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. तिने तुकडा काढून टाकला. सिनेमा तिथे लंगडा पडला, आणि ते दोघांनाही दिसलं.

"काढला?"

"काढला."

"मग आता पुढचं दाखव," बाबा म्हणाले. "मघाशी माझं बघायचं राहिलं."