नॉबवरचं कुंकू

'पूजा केली नाही म्हणून तुमची ती गाडी बसली,' असं अजूनही कोणी म्हणालं की माझं टाळकं सटकतं. इतकी वर्षं झाली, राग काही निवत नाही. आणि का निवावा?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरच्या एमआयडीसीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये माझं आणि माझ्या मित्राचं भागीतलं गॅरेज होतं. तो इंजिन खोलायचा-बांधायचा, मी वायरिंग आणि सेटिंग बघायचो. तो शेतकऱ्याच्या घरचा, देवधर्म करणारा. आम्ही बौद्ध, वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही. त्यावरून आमच्यात कधी शब्दानं वाजलं नाही. दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खायचो. म्हणून तर जास्त लागलं.

सोनईचे एक इंजिनिअर साहेब सिंगापूरहून कायमचे परत आले, ते जपानी टर्बो गाडी घेऊनच. टर्बो म्हणजे इंजिनात हवा ठासून भरणारा पंखा. तिकडं कोणीतरी तो बदलून मोठा बसवलेला. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, नाहीतर आत इतकं तापतं की पिस्टन वितळतो. गाडीच्या कॉम्प्युटरला या वाढीव हवेचा पत्ताच नव्हता. म्हणून साहेबांनी येताना एक डबा आणला होता. हवा मोजणाऱ्या वायरीच्या मध्ये तो जोडायचा आणि त्यानं कॉम्प्युटरला थाप मारायची, की बाबा, हवा लई आलीय, पेट्रोल सोड. डब्यावर पाच नॉब, इंजिनाच्या वेगवेगळ्या वेगांसाठी. उजवीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं. सरळ उभा ठेवला की डबा असून नसल्यासारखा.

नगरात त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मी लावला. दौंड रोडच्या सरळ पट्ट्यावर गाडी दाबायची, जोरात असतानाच इंजिन बंद करायचं, कडेला थांबून गरम प्लग खोलायचा आणि त्याचं टोक बघायचं. पांढरं पडलं तर पेट्रोल कमी, काळं पडलं तर जास्त, शेंगदाण्याच्या टरफलासारखं तांबूस दिसलं तर बरोबर. मग नॉब केसभर फिरवायचा आणि पुन्हा गाडी दाबायची. सगळा पावसाळा त्यात गेला. बोटं भाजली, बायकोनं शिव्या घातल्या, पण गाडी अशी झाली की पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. पाचही नॉब पाच दिशांना वाकडे होते, आणि प्रत्येकाचा वाकडेपणा माझ्या कानानं आणि डोळ्यानं ठरलेला होता.

पुण्यात रॅलीच्या गाड्या तयार करणारं एक वर्कशॉप होतं. साहेबांनी तिथल्या मालकाला माझ्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आणा, चालवून बघतो, काम पसंत पडलं तर या माणसाला ठेवून घेतो. मला दुसरं काही नको होतं. आयुष्यभर ट्रकच्या डायनामोत नाक खुपसून बसायचं नव्हतं मला.

दसऱ्याला मी पांढरे कपडे घालून घरच्यांबरोबर विहारात होतो. गॅरेजमध्ये मित्रानं पूजा मांडली. गाडी तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे साहेबांनी गॅरेजमधून ती काढली, मला घरून घेतलं आणि आम्ही पुण्याचा रस्ता धरला. बॉनेटवरचा झेंडूचा हार मी स्वतः काढून ठेवला. डबा पायापाशी डॅशबोर्डखाली होता. तिकडं कशाला बघतोय मी?

कामरगावच्या घाटात पुढं उसाचा ट्रक होता. ओव्हरटेक करायला साहेबांनी पाय दाबला. इंजिनातून खडखड आली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. मी ओरडलो, "साहेब, पाय काढा! काढा पाय!" ते म्हणाले, "अहो, ट्रक तर जाऊ द्या." ट्रक मागं पडला, तेवढ्यात दणका बसला आणि आरशात नुसता निळा धूर दिसू लागला.

मी वाकून डबा बघितला. पाचही नॉब कवायतीला उभे केल्यासारखे सरळ. प्रत्येकावर हळद आणि कुंकू, मध्ये एक तांदळाचा दाणा चिकटलेला. मी साहेबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा सारून नीट बघितलं आणि म्हणाले, "अरेरे." एवढंच.

टेम्पोनं गाडी ओढत परत आणली. मित्र शेडच्या दारातच होता. त्यानं सगळं ऐकलं आणि भाबडेपणानं म्हणाला, "अरे, वल्ल्या फडक्यानं पुसला मी त्यो डबा. सगळी बटणं वाकडीतिकडी हुती. पूजेला चांगलं दिसाया नको व्हय? तुझं काम हुतं म्हनून पयलं कुंकू त्यालाच लावलं, गड्या."

तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी सांगतो, तेवढ्यावर मी त्याला माफ केलं असतं. प्रेमानं केलं होतं त्यानं. पण आठवड्याभरात सगळ्या एमआयडीसीत झालं, की यानं दसऱ्याला यंत्रापुढं हात जोडले नाहीत, म्हणून इंजिन बसलं. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर लोक बोलायचे. आणि माझा भागीदार, ज्याच्या हातानं नॉब फिरले होते, तो शेजारी बशीत चहा ओतून मूग गिळून बसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी त्याला टपरीवरच धरलं. "सांग यांना. नॉब कुणी फिरवले ते सांग."

तो खाली मान घालून पुटपुटला, "पूजेनं इंजिन फुटलं, असं म्या कसं म्हनू? लोक काय म्हनतील?"

"पूजेनं फुटलं असं कोण म्हणतंय? तुझ्या हातानं फुटलं, तुझ्या!"

तो उठून निघून गेला. त्या संध्याकाळी मी माझे पाने-पकडी उचलले आणि भागी मोडली. बायको म्हणाली, "कुंकू लावाया हात उचलतोय त्याचा, खरं बोलाया जीभ उचलंना."

पुण्याच्या माणसाला मी एसटीडीवरून फोन केला. नॉबचं सगळं सांगू लागलो. त्यानं पुरतं ऐकलंही नाही. "इंजिन फुटलं ना? मग झालं," म्हणाला आणि फोन ठेवला.

उन्हाळ्यात साहेब माझ्या नव्या, वायरिंगच्या टपरीवर आले. इंजिन मुंबईला नवं बांधून आणलं होतं. डबा मांडीवर. "तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही," म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी डबा हातात घेतला. नॉबच्या खाचेत कुंकू अजून होतं. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ते खरवडायला लागलो. तेवढ्यात ते हसून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "या वेळी मात्र तुम्ही स्वतः एक नारळ फोडा हं. लोक म्हणतात त्यात काहीतरी असतंच."

हा माणूस त्या घाटात माझ्या शेजारी बसला होता. त्यानं चष्मा सारून ते नॉब स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते.

मी डबा परत त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "साहेब, नारळ कुठंही मिळेल. घ्या, फोडा, आणि चालवा गाडी."