दीड इंच कापलेला दस्ता

आमच्या घरातली बंदूक बायकोची होती. लोकांना वाटायचं माझी. वर पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक गोळीची नळी, खाली छर्‍यांची, दोन्ही एकाच लाकडी दस्त्यावर. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीबाहेर एका शेतकऱ्याकडे ती बटाटे भरायला जायची. त्याच्या शेतात सशांनी उच्छाद मांडला होता. त्यानं तसं लिहून दिलं, पोलिसांनी हिला बंदुकीचं सर्टिफिकेट दिलं. मग गुरुवार सोडून ही रोज ससे मारायची.

बंदुकीच्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे असते ते मला कधी कळलं नाही. ज्याचं सर्टिफिकेट त्याचीच किल्ली, इथला नियमच तसा. एकदा विचारलं तर म्हणाली, "अहो, सांगितलं तर मी जेलात जाईन. मग डबा कोण करणार? तुम्हाला साधं वरण येत नाही."

यंदा थंडीत ती गेली. पोलीस आला, किल्ली मागितली. मी म्हटलं, माहीत नाही. "उत्तम," म्हणाला. मग दोघांनी मिळून स्वयंपाकघर उपसलं. मेथ्यांच्या डब्यात निघाली.

मी म्हटलं, बंदूक माझ्या नावावर करा. त्यानं विचारलं, कारण?

"बायकोची आहे."

हे कारण चालत नाही म्हणाला. ससे मारता का? नाही. क्लबात जाता? नाही. मग बंदूक गेली बंदुकांच्या दुकानात, विकायला, आणि दोन दिवसांनी मी बसनं तिच्यामागे.

दुकानदार माझ्याच वयाचा गोरा. बॅटरी लावून त्यानं वरची नळी पाहिली, मग खालची. म्हणाला, "या जोडबंदुकांत एक नळी बिघडली की दुसरीलाही कोणी विचारत नाही. तुमच्या दोन्ही चांगल्या आहेत." मग दस्ता खांद्याला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"हा कुणी कापला?"

"मी. तिचे हात आखूड होते. दीड इंच कापला, माझ्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत."

"बंदूक कारखान्यात नेलीत?"

"नुसता दस्ता नेला."

"मग ठीक. लाकडाला सर्टिफिकेट लागत नाही. पण निम्मी किंमत तिथेच गेली." त्यानं लोखंडावरच्या एका गोल डागावर नख फिरवलं. "आणि हा गंज?"

"कुंकू. दसऱ्याला ती ओल्या बोटानं लावायची."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"पुसायचं होतं."

"ते पुसत नसतात."

त्यानं कागदावरचा किमतीचा आकडा खोडला, खाली आणखी लहान लिहिला. मी आकड्याकडे पाहिलंच नाही. लाकडाला सर्टिफिकेट लागत नाही, तेच डोक्यात बसलं होतं.

"दस्ता काढून मला द्या," मी म्हटलं.

"मग ही बंदूक राहत नाही. नुसते पार्ट. त्याला काहीच येणार नाही."

"येऊ दे काय येतं ते."

 त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर आणला. आतला स्क्रू अडकला होता, त्याला घाम फुटला. दस्ता निघाला तेव्हा त्यानं तो स्वतःच्या फडक्यानं पुसून दिला. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, खुर्चीचा पाय का? मी हो म्हटलं.

आता दस्ता त्याच लोखंडी कपाटात आहे. मी कुलूप लावतो आणि किल्ली मेथ्यांत ठेवतो. परवा मुलीनं पाहिलं. म्हणाली, "बाबा, वुडला लॉक लागत नाही."

मी म्हटलं, माहीत आहे.