चौथी काच

आपल्या मासिकात असले अनुभव छापून येतात तेव्हा मी ते पान न वाचताच उलटत असे, हे आधी कबूल करतो. मी शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवतो. भिंगातून किरण कसे वळतात हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना बाकावर उभेही केले आहे... आणि आज मीच हे लिहायला बसलो आहे. हसणाऱ्यांनी हसावे. मला फक्त जे घडले ते क्रमाने सांगायचे आहे.

माझे गाव चिपळूणजवळ. वडील भिक्षुकी करीत. मी सहा वर्षांचा असताना ते गेले. आईने लोकांच्या घरी स्वयंपाक करून मला शिकवले. पुढे मुंबईत कॉलेजात असताना सात घरी सात वार जेवलो. त्या सातही घरांचे ऋण माझ्यावर आहे, पण पहिले ऋण आईचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी इंग्रजी अक्षर गिरवले नव्हते.

मी बी. ए. झालो तेव्हा आई आगबोटीने मुंबईला आली. आठ दिवस राहिली. आमची खोली फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. एकच खिडकी, पश्चिमेकडची. मागच्या बाजूला अर्ध्या उंचीची भिंत घालून चुलीसाठी आडोसा केलेला. आई त्या आडोशाच्या तोंडाशी जमिनीवर बसून राही आणि मी जेवताना, वाचताना, झोपताना माझ्याकडे बघत असे.

“एवढं काय बघतेस?” मी विचारी.

“काही नाही रे. तू मुंबईला आल्यापासूनचं सहा वर्षांचं बघायचं राहिलंय, ते बघून घेते.”

तिच्या मुक्कामातच मी पदवीचा झगा घालून फोटो काढायला काळबादेवीला गेलो. आई बरोबर होती. फोटोवाला म्हणाला, “आईंना खुर्चीवर बसवा, तुम्ही मागे उभे राहा.” आई विधवेच्या लाल आलवणाचा पदर डोक्यावरून पुढे ओढत भिंतीला लागली.

“छे, छे! आजच्या दिवशी मी कशाला मध्ये? या डोक्याची छबी काय करायचीय? तू एकटाच बस, दत्तू.”

मी तिला आग्रह केला नाही. विधवांच्या स्थितीवर कॉलेजात निबंध लिहून मी बक्षीस मिळवले होते. आणि त्या घटकेला, खरे सांगतो, मला थोडे हायसेच वाटले. भिंतीवर लावायच्या फोटोत सोवळी आई नको, असे माझ्याही मनात कुठेतरी होते. फोटोत मी एकटाच आहे. छान आलो आहे.

पुढे ठाकूरद्वारच्या एका शेठजींच्या मुलाची शिकवणी धरली. मुलगा मॅट्रिक पास झाला. शेठजींनी खूश होऊन आपले दोन कॅमेरे मला देऊन टाकले. एक मोठा, तिपाईवरचा, आणि एक लहान, हातात धरायचा. त्यांची हौस फिटली होती. मी ते वापरायला शिकलो, पण हौस म्हणून नाही. काळबादेवीची चूक दुरुस्त करायची, एवढेच मनात होते. दिवाळीला घरी जाईन, आईला अंगणात उन्हात बसवीन, आणि या वेळी तिचे ऐकणार नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शुक्रवारी मी सगळी तयारी केली. ज्यांवर फोटो उमटतो त्या कॅमेऱ्याच्या काचा चपट्या बंद पेटीत भरून ठेवतात, तिला स्लाइड म्हणतात. एका स्लाइडमध्ये दोन काचा बसतात. अंधार करून मी दोन स्लाइडांत चार काचा भरल्या. बोटीच्या प्रवासात चुकून झाकण सरकू नये म्हणून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर सही केली. सगळे मोठ्या कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवले, पेटीचा पट्टा आवळला आणि ती दारावरच्या फळीवर चढवली. बोट रविवारी होती.

शनिवारी दुपारी शाळेतून आलो तर दाराच्या फटीत कार्ड. त्याचा एक कोपरा फाडलेला होता.

असे कार्ड हातात आल्यावर वाचण्याआधीच माणसाला कळते. चुलतभावाचे अक्षर होते. दोन दिवसांच्या तापाने आई गेली होती, त्यानेच अग्नी दिला होता. माझे कुटुंब बाळंतपणासाठी माहेरी गेले होते. खोलीत मी एकटा. पगडी खुंटीला लावली, अंगरखा काढला आणि खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून बसलो. कार्ड हातातच होते. किती वेळ बसलो, मला आजही सांगता येत नाही. मग उठलो, रीतीप्रमाणे कार्डाचे बारीक तुकडे केले, बाहेर नेऊन टाकले आणि नळावर आंघोळ केली. बोटीने गेलो, दिवस केले, परत आलो. कॅमेरे फळीवरच राहिले.

त्यानंतर सव्वा वर्ष मी ती पेटी उघडली नाही. दुसरे कोणी उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

पण या काळात एक गोष्ट होत होती आणि ती मी कुणाला सांगत नव्हतो. आईचा चेहरा माझ्या मनातून पुसत चालला होता. आवाज येई, हात दिसत — उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा — पण चेहऱ्याच्या जागी नुसता लाल पदर. झोपण्याआधी मी डोळे मिटून तो चेहरा जुळवायचा प्रयत्न करी. नाक आठवले तर डोळे जात.

इकडे मुलगी रांगू लागली. एवढीशी खोली. तिपाईचे पाय कोपऱ्यात उभे असत. ती ते धरून उठे आणि तिपाईसकट पडे. एक दिवस कपाळाला टेंगूळ आले.

“ऐकलंत का,” बायको म्हणाली, “हा तीन पायांचा पाहुणा अजून किती दिवस पोसायचा? वर्षात एक फोटो काढला नाहीत.”

“असू दे. लागेल कधीतरी.”

“कधी लागणार? मोलकरणीलासुद्धा वर्षभर बसवून ठेवत नाही कुणी.” मग आवाज उतरवून म्हणाली, “सासूबाईंसाठी ठेवलेत ते, मला का कळत नाही? पण आता त्या येणार आहेत का बसायला?”

मला राग आला नाही. तिचे खरेच होते.

कॅमेरे विकायचे ठरवले, तेव्हा शाळेतल्या शिपायाने लालबागच्या तावड्यांचे नाव सांगितले. हे तावडे मूळचे मालवणकडचे. गिरणीतल्या लोकांचे फोटो काढतात. लोक ते गावी पाठवतात. रविवारी सकाळी मी दोन्ही कॅमेरे हमालाच्या डोक्यावर देऊन त्यांच्याकडे गेलो. चाळीच्या तळमजल्यावर पुढे पडदा लावलेली खोली, मागे जिन्याखाली अंधारखोली.

तावड्यांनी पेटी उघडली, कॅमेऱ्याचा चामडी भाता फुंकून बघितला, स्लाइड हातात घेतल्या.

“मास्तर, ह्यात काचा हायत काय?”

“चार आहेत. पण वापरलेल्या नाहीत. फेकून द्या.”

“फेकतो कशाक? धुवून बघू. कोऱ्या निघाल्या तर स्लाइड चांगल्या. काळ्या पडल्या तर समजायचा, उजेड गळता हा. मग मी भाव पाडतलय.” ते हसले. “पट्ट्यांवर सही तुमचीच ना? नायतर नंतर म्हणशाल, तावड्यान उघडल्यान.”

सही माझीच होती. पट्ट्या अखंड होत्या. त्यांनी त्या माझ्यासमोर कापल्या आणि आम्ही दोघे अंधारखोलीत गेलो.

लाल काचेच्या कंदिलाखाली त्यांनी एकेक काच तबकातल्या औषधात हलवली. पहिली कोरी. दुसरी कोरी. तिसरीही. चौथी काच टाकली आणि थोड्या वेळाने तावडे चुकचुकले.

“ही गळली वाटता.”

काचेच्या मध्यावर एक काळा डाग उमटत होता. उजेड गळला तर डाग कडेने पसरतो, हे मलाही ठाऊक होते. हा मध्येच होता, चौकोनी, कडा सरळ. काचेवर सगळे उलट दिसते, पांढरे ते काळे. म्हणजे ती काहीतरी पांढरी, चौकोनी वस्तू होती. तो चौकोन गडद झाला तेव्हा दिसले की त्याचा एक कोपरा नाही.

मी तावड्यांचा हात धरला. मला पुढचे बघायची गरज उरली नव्हती, तरी बघत राहिलो. दोन हात आले. मग धोतराचे घोळ, उघडे खांदे, खाली झुकलेले डोके. मागे आमच्या खोलीतली भिंत आणि खुंटीवरची माझी पगडी.

“कोण ह्यो?”

“मी.”

“मग वापरलेली नाय म्हणालात ती?”

बाहेर येऊन बाकावर बसलो. तावड्यांनी पाणी दिले. मी कार्डाचे सगळे सांगितले. त्यांनी काच उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली, मग धंद्यातल्या माणसासारखे सावकाश बोलू लागले. खिडकीच्या उजेडात घरातला फोटो इतका स्वच्छ यायला काच मिनिटभर तरी उघडी हवी. त्या मिनिटात बसलेला माणूस जरासुद्धा हललेला नाही. आणि कॅमेरा तिपाईवर नव्हता.

“उंची बघा. तुमचे गुडघे पुढे, तोंड जवळजवळ समोर. जमनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून बघितल्यावानी हा. तुमच्या समोर, डाव्या अंगाक काय हा?”

समोर डाव्या अंगाला चुलीचा आडोसा आहे.

त्याच दुपारी तावड्यांनी उन्हात कागदावर फोटो छापून दिला. कॅमेऱ्यांचे मात्र मी म्हणालो, आता विकत नाही.

घरी बायकोने फोटो हातात घेतला. मुलगी कडेवर होती.

“किती वाळला होतात हो...” ती म्हणाली. “मी तेव्हा माहेरी. इतके दिवस मला वाटायचं, तुमच्याजवळ कुणीच नव्हतं.” आणि पदराने डोळे पुसत आडोशात गेली.

इथे थांबायला हवे होते. पण मला हाव सुटली. मला माझा फोटो काय करायचा होता? मला तिचा हवा होता. तीन महिने दर शनिवारी दुपारी मी मोठ्या कॅमेऱ्याची पेटी पट्टा आवळून फळीवर ठेवी, आत कोऱ्या काचा, पट्ट्यांवर सही. आईच्या नजरेने जसा मी उमटलो तशी माझ्या नजरेने ती उमटावी म्हणून आता मी आडोशाच्या तोंडाशी, आई बसे तिथे बसे आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून वाट बघे. बायको मुलीला घेऊन शेजारी जाऊन बसे. रविवारी काचा घेऊन लालबागला. दर वेळी कोऱ्या. पाण्यासारख्या स्वच्छ.

एका शनिवारी मी असाच बसलो असताना मुलगी शेजारच्या घरातून एकटी चालत आली. तिची ती पहिली पावले होती. उंबऱ्यात उभी राहून ती माझ्याकडे बघून हसली, आणि मी — मला लिहिताना लाज वाटते — तिला हाताने थांब अशी खूण केली. हलू नकोस. ती तिथेच बसली आणि रडू लागली.

मी उठलो. तिला उचलले. आईने आठ दिवसांत माझ्यावरून नजर काढली नव्हती, आणि मी माझ्या मुलीची पहिली पावले भिंतीकडे बघत घालवत होतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅमेरे तावड्यांना दिले. एकच अट घातली.

“तुमच्याकडे मुलाबरोबर कोणी विधवा बाई आली आणि मागे सरू लागली, तर तिला तशी सरू देऊ नका. पुढे खुर्चीवर बसवा.”

तावडे भाता मिटत होते. त्यांनी वर बघितले.

“मास्तर, आमच्या गिरणीतल्या बायका मागे सरणत नाय. नवरा मेलेलो असो नाय तर जितो, पयली खुर्ची त्याच पकडतत.” मग पेटीचा पट्टा आवळत म्हणाले, “ह्या मागे सरणा तुमच्यातच.”

त्यांचे म्हणणे मी घरापर्यंत बरोबर घेऊन आलो.

कॉलेजातल्या माझ्या शास्त्राच्या प्रोफेसरांना तो फोटो दाखवला. ते माझे गुरू आहेत. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. काच आधीच वापरलेली असावी, तुम्ही विसरला असाल, कोणी तरी चेष्टा केली असेल, अशा तीन शक्यता त्यांनी मांडल्या. मी फाटलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवले. ते कार्ड त्या एका बैठकीपुरतेच माझ्या हातात होते, आणि पेटी बंद फळीवर होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि फोटो मला परत दिला.

मीही काही उलगडा करू शकत नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला जमल्यास जरूर कळवावा. मी तो शिष्य म्हणून ऐकेन. आईचा चेहरा मला अजूनही नीट आठवत नाही. तो आता आठवणार नाही, हे मी स्वीकारले आहे. फक्त एक झाले आहे. आई गेल्याची बातमी आली तेव्हा खोलीत मी एकटा होतो, असे मी सगळ्यांना सांगत आलो. आता तेच सांगू लागलो की ‘एकटा’ या शब्दाशी येऊन माझे बोलणे अडते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, मास्तरांना गहिवरून आले.