कोकऱ्याच्या डोक्यावरचा हात

त्या वर्षी पवित्र आठवड्यात मला पहिल्यांदाच मंडळीसमोर उभं राहून बोलायचं होतं, आणि त्याच आठवड्यात मी एका बाईचा पाय भाजला. भाजला तो चुकून. पण पुढचे चार दिवस मी जे केलं ते काही चुकून नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत उधन्याच्या बाजूला एका लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स होते. आम्ही मूळचे जालन्याकडचे ख्रिस्ती. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर मला राहायला एक खोली दिली होती, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. रविवारी गुजराती मंडळीची उपासना आटोपली की त्यांच्याच चर्चमध्ये आम्ही तीस-चाळीस मराठी माणसं जमायचो. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, 'देवाचा कोकरा' या विषयावर मी बोलावं असं ठरलं होतं. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नीनं, बजावलंही होतं, ''दहाच मिनिटं. मोठमोठे शब्द नकोत. कोकऱ्याचा अर्थ लोकांना घरी नेता आला पाहिजे.''

सोमवारी दुपारी एका बाईचं सिझेरियन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिला पायांचं काही कळत नव्हतं. नुसती कुडकुडत होती. अशा वेळी रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवतात. आमच्याकडे त्याची रीत ठरलेली होती. पिशवी मावशीनं भरायची, फडक्यात गुंडाळायची, आणि सिस्टरनं ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मगच पेशंटजवळ न्यायची.

मावशी म्हणजे आमची आया. पन्नाशीची विधवा, खानदेशातली, सुरतेतल्याच नवागाम वस्तीत लेक-जावयाबरोबर एका खोलीत राहायची. त्या वेळी ती गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायला गेली होती. मला सहा वाजता सुटून चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला पळायचं होतं. मावशीची वाट कोण बघणार? मीच पिशवी भरली. फडकं सापडेना, म्हणून तशीच ब्लँकेटखाली सारली आणि रात्रीच्या सिस्टरला चार्ज देऊन निघाले. रिक्षात मी वधस्तंभाचं गाणं गुणगुणत होते. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मंगळवारी सकाळी त्या बाईच्या टाचेवर लिंबाएवढा फोड होता. सासूनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, धावत आल्या. त्यांनी पाय बघितला आणि थेट मावशीकडे वळल्या. ''केटली वार कह्युं छे, कपडुं लपेटवानुं!'' किती वेळा सांगितलं, कपडा गुंडाळायचा म्हणून! पुढं त्या बराच वेळ बोलत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, शनिवारपर्यंत ये, सोमवारपासून येऊ नकोस. पिशवीचं काम मावशीचं, म्हणजे चूकही मावशीचीच, यात कुणाला शंका आली नाही. मावशी पदर तोंडाला लावून खाली बघत उभी होती.

मी मॅडमच्या शेजारीच होते, हातात ड्रेसिंगचा ट्रे. एकच वाक्य बोलायचं होतं. 'मॅडम, पिशवी मी ठेवली.' जिभेवर आलंही. मग खोली आठवली, परत जालन्याला जाऊन आईला काय सांगायचं ते आठवलं, आणि मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, मॅडम शांत झाल्या की सांगू.

नुसती नोकरीच असती तर मी मनाला काहीतरी समजावलंही असतं. पण मावशीच्या लेकीला सातवा महिना होता. तिचं पहिलं मूल नवागामच्या खोलीतच, दाईच्या हातात गेलं होतं. या खेपेला बाळंतपण आपल्याकडेच करू, घरच्या माणसासारखं, असं मॅडमनी मावशीला कबूल केलेलं. लेकीची तपासणीही सुरू झाली होती. आता मावशीच नाही म्हटल्यावर लेकीला कोण विचारणार होतं? मावशीनं याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. चादरी धुतल्या, फरशी पुसली, संध्याकाळी नवागामला निघून गेली.

बुधवारी दुपारी खोलीत भाषणाची टिपणं काढायला बसले. बाहेर कारखान्यांतल्या लूमची, यंत्रमागांची, खटखट अखंड चाललेली. लहानपणापासून ऐकलेलं सगळं मी क्रमानं लिहीत गेले. मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, ती वल्हांडणाची रात्र, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकऱ्याचं रक्त, ते पाहून त्या घरावरून पुढं गेलेलं मरण. मग मंदिरातले यज्ञबली. चूक करणाऱ्या माणसानं निर्दोष जनावर आणायचं, त्याच्या डोक्यावर आपला हात ठेवायचा, म्हणजे माझा जो दोष आहे तो आता तुझा, आणि मग त्या जनावराला मारायचं. माणूस मोकळा होऊन घरी जायचा.

'डोक्यावर हात ठेवायचा' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. अगं बाई, म्हटलं, हेच तर केलंय मी! हात ट्रेला होते, पण ठेवला तो मावशीच्याच डोक्यावर. आणि त्या जुन्या माणसाला निदान आपल्या हातानं जनावर आणावं लागायचं, सगळ्यांदेखत उभं राहावं लागायचं. मी तर मान खाली घालून ट्रेमधले कापसाचे बोळे मोजत होते. टिपणांचा कागद मी चुरगाळला, परत सरळ केला. जेवण गेलं नाही.

रोज त्या पायाचं ड्रेसिंग मीच करायचे. गुरुवारी ती बाई म्हणाली, ''बेन, तुमचा हात किती हलका आहे हो.'' मला ढसाढसा रडावंसं वाटलं. त्या दिवशी दोनदा मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. एकदा आत पेशंट होता. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तरी मी परत फिरले. संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मनुके उकळून केलेल्या रसाचा प्याला माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो न पिताच शेजारणीकडे सरकवला; मनात पाप दडवून तो प्यायचा नसतो. पाळकीणबाईंनी ते पाहिलं. उपासनेनंतर जवळ येऊन विचारलं, ''बरं नाही का गं?'' मी म्हटलं, पित्त झालंय. खोटं बोलायची सवय लागायला तीन दिवस पुरतात.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेले. आणि काय सांगू, मी फार छान बोलले! त्याचीच मला आजही चीड येते. मी सांगितलं, प्रभू म्हणजे देवानं स्वतः दिलेला कोकरा. त्याच्या आधी दरवर्षी नवीन जनावर लागायचं, कारण जनावराला आपण का मरतोय हे कळत नसतं. प्रभू जाणूनबुजून गेला, कुणी ढकललं म्हणून नव्हे. त्याला दुसऱ्यांचा दोष ठाऊक होता आणि तो त्यानं आपणहून उचलला. मग मी म्हटलं, आणि खोटे आरोप होत असताना तो गप्प राहिला. हे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पदर तोंडाला लावून उभी असलेली मावशी होती, म्हणूनच माझा आवाज भरून आला. पुढच्या बाकांवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ''पोरी, आज कोकऱ्याचा अर्थ कळला.''

मला तिथं उभं राहवेना. मावशीचं गप्प राहणंसुद्धा मी वापरून घेतलं होतं. पुढची गीतं चालू असतानाच मी चपला घातल्या, भर दुपारच्या उन्हात रिक्षा पकडली आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. बसलेही नाही. ''मॅडम, पिशवी मी ठेवली होती. फडक्याशिवाय. मावशी गच्चीवर होती.''

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ''आणि आज सांगतेस?'' एवढंच हिंदीत म्हणाल्या. मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं की मावशी राहील, आणि मी महिनाअखेर खोली रिकामी करावी. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मंगळवारपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

मावशी गच्चीवर ओल्या चादरी पिळत होती. मी तिचे हात धरले. सगळं घडाघडा सांगून टाकलं, मॅडमशी काय बोलणं झालं तेही. आणि रडत रडत म्हटलं, ''मावशी, किती सोसलंत तुम्ही! चार दिवस एक शब्द बोलला नाहीत.'' मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. खरंच वाटलं होतं.

तिनं हात सोडवून घेतले. ''मी गप कुठं होते?'' ती म्हणाली. रागावली की ती तिच्या अहिराणीवर यायची. ''माले कोनी इचारंच नही. मॅडमनी नही, तूबी नही.''

तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात कोंबलं, दुसरं स्वतः धरलं आणि पीळ घालायला लागली.

''पिशवी मी ठेवली नाही, हे मला माहीत होतं,'' ती म्हणाली. ''वॉर्डात तू एकटीच होतीस, हेही माहीत होतं. मंगळवारपासून तुझी वाट बघत होते. रोज वाटायचं, आज बोलशील.''