सिस्टरची फुकटची भाजी

आमच्या सिस्टरना माणूस दिसलं की एकच प्रश्न सुचायचा. "कोनाची गं तू?" तोही हळू नाही, केसपेपरच्या रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा. उत्तर मिळालं की पुढचं सुरू: आजीचं माहेर कुठलं, मामाची वाडी विहिरीच्या अलीकडची की पलीकडची. वसईच्या या पट्ट्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे अनोळखी माणूस त्यांना खपतच नसे.

आता मला सांगा, जिथे वयात आलेल्या पोरापोरींनी बिनधास्त यावं, त्या आरोग्य केंद्राच्या दाराशी हीच बाई बसवायची? मी तिथली समुपदेशक. कोपऱ्यातली खोली मी हौसेने लावली होती. पडदे टांगले, कॉलेज सुटल्यानंतरची वेळ मागून घेतली. पाळी, प्रेमप्रकरण, गर्भनिरोधक, काहीही विचारा, नावसुद्धा सांगू नका, असं शाळाशाळांत घसा फोडून सांगून आले. आणि पोरं दारात आली की सिस्टर त्यांच्या खापरपणजोबापर्यंत पोचायच्या. पोरं तिथूनच कल्टी मारायची.

मी हात जोडले, रागावून पाहिलं. "बरं बाय, नाय विचारत," म्हणायच्या आणि तोंडावर हात ठेवून बसायच्या. पोरगी दिसली की हात बाजूला. "नाक तर शंकरच्या घरचं दिसतंय." काय करणार अशा माणसाला?

एकदा जवळच्या वटार गावची एक मुलगी आली. दहावीतली. शाळेत माझ्या कानाशी लागून कसंबसं बोलली होती की अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, वर्गात बसवत नाही, आणि आईला कळलं तर आई भलतंच समजेल. तोंडाला ओढणी गुंडाळून आली होती, फक्त डोळे उघडे. सिस्टरना डोळेही पुरले. "तू आमच्या सुमनची ना गं?"

मुलगी आल्या पावली परत गेली. त्या दिवशी मी सिस्टरना वाट्टेल ते बोलले. तुमच्या जिभेपायी ती पोर दुखणं घेऊन घरी गेली, म्हटलं. त्या मान हलवत पिशवी आवरू लागल्या. मला वाटलं, चला, डोक्यात काहीतरी शिरलं. कसलं काय, घरी जाता जाता बाई थेट सुमनच्या दारात.

दुसऱ्या दिवशी हे कळलं आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. "काय सांगितलंत तिच्या आईला?"

"काय सांगनार? म्हटलं, तुझ्या वाडीतली अळूची पानं चांगली असतात. पोरीकडनं एक जुडी पाठव केंद्रात. माझे गुडघे दुखतात, मला नाय जमत सारखं यायला."

संध्याकाळी मुलगी हजर. हातात अळू, तोंडावर ओढणी नाही. आईनेच पाठवलेली, लपायचं कशाला? "सुमनची ना गं? जा, आत नेऊन ठेव," सिस्टर नेहमीच्याच आवाजात ओरडल्या. आत डॉक्टर मॅडम होत्या, मी होते. यात तुझी काही चूक नाही, हे ऐकल्यावर ती पोर जी रडली! औषध घेऊन गेली, पुन्हा आली केळफूल घेऊन, आणि बरी झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या पडद्यांकडे बघून चिडचिडही झाली.

मग काय, सिस्टर भेटेल त्या आईकडे भाजी मागत सुटल्या. पोरी यायच्या, मुलगेही शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचे. माझ्या खोलीची मंडई झाली. तपासणीला आलेले साहेब टेबलाखालच्या भोपळ्याकडे टक लावून बसले. वर उरलेले मुळे सिस्टर माझ्या पिशवीत कोंबायच्या. मला मुळ्याचा वाससुद्धा सोसत नाही. "सिस्टर, पुरे आता," म्हटलं तर म्हणायच्या, "पुरे कसं? उद्या कोनाला यायचं असेल तर?"

गावात बोभाटा झालाच. एवढा पगार आहे, तरी हिला भाजी फुकटची लागते. मी ते त्यांच्या कानावर घातलं.

"म्हनू दे," त्या म्हणाल्या. "मलाच म्हनतात ना? पोरींना तर नाय."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा बायका निरोपाला आल्या. सुमन सगळ्यांसमोर हसून म्हणाली, "सिस्टर, आता भाजी विकत घ्यायला लागेल हं." हशा पिकला. सिस्टरही हसल्या. सुमनच्या मागे तिची मुलगी खाली मान घालून उभी होती. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं, पण बोलणार कशी? मला त्या बाईचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

आता दाराशी नवी मुलगी बसते. कोणाला काही विचारत नाही. खुर्च्या रिकाम्याच असतात.

गेल्या आठवड्यात शाळेत एक मुलगी बाकी सगळ्या गेल्या तरी रेंगाळली, आणि काही न बोलता गेली. परवा रस्त्यात तिची आई शेजारणीबरोबर दिसली. मी थांबले. "ताई, तुमच्या वाडीतले मुळे छान असतात म्हणे. मुलीकडून पाठवा ना एक जुडी केंद्रात."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाठवते," म्हणाल्या. मग शेजारणीकडे वळून, मला नीट ऐकू येईल असं, "हीपण त्या सिस्टरसारखीच निघाली."