पहिल्या पानावरची पेन्सिल

रहस्यकथा लिहिणाऱ्याला भिवंडीत कुणी लेखक म्हणत नाही. मी कोर्टात कारकून होतो तेव्हा वकील मंडळी विचारायची, "काय भाऊसाहेब, या महिन्यात कुणाला मारलं?" आणि आपणच हसायची. त्यांच्यातल्या एका कवीचा मात्र सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. त्याच्या कविता त्याच्या बायकोनेही वाचल्या नसतील. माझी पुस्तकं वाचनालयात हाताळून हाताळून खिळखिळी झालेली. शाल मला नकोच होती, असं मी लोकांना सांगतो. हवी होती.

पुस्तकं कसली होती तेही सांगतो. प्रकाशक पुण्याचा, आणि त्याला धुकं लागायचं. थंड हवेच्या ठिकाणी बंगला, बंगल्यात पैसेवाला म्हातारा, मृत्युपत्रावर टपलेले नातेवाईक आणि एक बटलर. मी जन्मात बटलर पाहिलेला नाही. आमच्याकडे धुकं म्हणजे सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर. "एखादा खून भिवंडीत घडवू का?" असं एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाला, "अहो, तिथे कोण मरायला जाईल?" अख्ख्या गावाला असं मोडीत काढायला पुण्यात फार अक्कल लागत नाही. मीही मुकाट बंगले बांधत राहिलो. दिवसभर कोर्टात खरे खून फायलीत बांधायचे, म्हणजे भावाने भावाला फावड्याने मारलं, कारण शेताचा बांध. आणि संध्याकाळी घरी येऊन बटलरकडून चहात विष कालवून घ्यायचं. वाचकांची लायकी तेवढीच, असं माझं मत होतं.

त्या वाचकांपैकीच कुणीतरी माझा छळ मांडला. एकदा वाचनालयात सहज माझंच पुस्तक उघडलं, तर पहिल्या पानावर पेन्सिलीने, वळणदार अक्षरात लिहिलेलं: "खुनी: डॉक्टर. पान ऐंशी." दुसरं काढलं. "खुनी: धाकटी सून. पान साठ." पानाचा आकडा कशाला, ते आधी कळेना. डॉक्टर तर मी शेवटच्या प्रकरणात पकडून दिला होता. मग उजेड पडला आणि कानशिलं तापली. त्या पानावर या माणसाने खुनी ओळखला होता. सगळ्यात नव्या पुस्तकावर होतं, "खुनी: बटलर. पान अकरा."

इतकी वर्षं कागदावर चोर पकडले, एक पेन्सिलवाला पकडायला काय लागतं, असं वाटलं. पहिला संशय अर्थात कविराज वकिलावर. त्याच्या अर्जांवरचं अक्षर ताडून पाहिलं. ते त्याच्या कवितेइतकंच गचाळ निघालं. मग पेपर तोंडासमोर धरून वाचनालयात बसू लागलो. काही हाती लागलं नाही. शेवटी ग्रंथपालावरच भडकलो. तो जवळच्या वळ गावचा, शांत माणूस. पुस्तकांवरची धूळ झटकत म्हणाला, "आपा लिवतात त्या. सगल्यांना म्हाईत हाय. तुमी कवा इचारलंच न्हाय."

आपा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. जुनं, लूमवाल्यांचं, म्हणजे यंत्रमागवाल्यांचं घर. जाब विचारायला गेलो, तर बाई जराही ओशाळल्या नाहीत.

"बायका शेवटचं पान आधी बघतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "नुसतं बघतात कुठे, एखादी फाडूनच ठेवते. खुनी पुढेच लिहिला की मागचं पान शाबूत राहतं. तुमच्याच पुस्तकाची खिदमत करते मी."

"आणि तो पानाचा आकडा?"

"तो माझा शौक."

त्या दिवशी ठरवलं. या बाईला एकदा फसवायचं. शाल गेली खड्ड्यात. आपांच्या हातात पुस्तक आहे, वाचून संपलंय आणि पेन्सिल तशीच थांबली आहे, एवढं एकदा घडलं की माझ्या लिहिण्याचं सार्थक झालं.

निवृत्त झाल्यावर भिवंडीची कादंबरी लिहिली. वळच्या गोदामात, ऑनलाइन मागवलेल्या मालाच्या खोक्यांमागे वॉचमनचं प्रेत. खुनी सांगतो, "दुपारी मी लूमवर होतो, खडखडाटात काही ऐकू आलं नाही." आठवड्याचा वार मी कुठेच लिहिला नव्हता. फक्त मशिदीबाहेर रस्त्यापर्यंत आलेल्या चपलांची एक ओळ होती. म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. रोज डोळ्यांसमोर असतं तेच माणसाला दिसत नाही, हा माझा हिशोब. पुण्याने नाक मुरडलं, ठाण्याच्या एकाने छापलं. वाचनालयात प्रत आली ती आधी आपांनी नेली. परत आली तेव्हा मी तिथेच होतो. पहिलं पान कोरं होतं.

मी ग्रंथपालाला चहा पाजला आणि तडक आपांच्या घरी गेलो.

"हरलात ना आपा?"

"कशात?"

"खुनी नाही ओळखता आला."

"पुस्तक पुरं कुठे केलं मी? अर्ध्यात सोडलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुमचा वॉचमन मेला, भाऊ. मेला तर मेला. कुठून आलेला, घरी कोण होतं, डब्यात काय आणायचा, कायच नाही. मला त्याचं काही वाटलंच नाही. मग त्याला मारला कोणी, ते कळून मी काय करू?"

"बंगल्यातल्या म्हाताऱ्यांचं तरी काय वाटायचं तुम्हाला?"

"ते मेले की बरं वाटायचं," आपा म्हणाल्या. "शरबत घ्या."

शरबत प्यायलो. इतका राग मला त्या पुणेरी प्रकाशकाचाही कधी आला नव्हता. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई, हिला कादंबरी काय कळणार? शुक्रवारच होता. लूम बंद असल्याने गल्लीत माझ्याच चपला मला ऐकू येत होत्या, आणि वाटभर मी उत्तरं जुळवत होतो. घरी आल्याआल्या पुस्तक उघडलं. म्हटलं, निदान त्या वॉचमनचं नाव आणि गाव तरी काढून त्यांच्या तोंडावर मारू. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. चपला होत्या, लूम होते, गोदामाचं कुलूप कसं उघडतं ते सविस्तर होतं. वॉचमनला मी नावच ठेवलं नव्हतं.